आपल्या मदरबोर्डाचा लेन-नकाशा कसा काढायचा

ऐन लग्नसराईत रात्री साडेदहाला एका मित्राचा फोन आला. तो लग्नांचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. "अरे, दोन्ही हार्ड डिस्क गेल्या. तीन लग्नांचं फुटेज आहे त्यात." त्याच दिवशी दुपारी त्याने दुकानातून नवी एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे थेट बोर्डावर बसणारा वेगवान ड्राइव्ह, बसवून आणली होती. मशीन चालू होत होतं, विंडोज येत होतं, नवी एसएसडीही दिसत होती. पण फुटेजच्या दोन डिस्क ना विंडोजमध्ये दिसत होत्या, ना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या बोर्डाच्या सेटिंग-स्क्रीनवर. दुकानात विचारलं तर तिथे थेट डेटा रिकव्हरीचा खर्च सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या बोर्डाचं मॅन्युअल डाउनलोड केलं. एम.2 स्लॉटच्या (एसएसडी बसवायच्या बोर्डावरच्या जागेच्या) तक्त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ होती: दुसऱ्या एम.2 मध्ये ड्राइव्ह बसवला की साटा 5 आणि साटा 6 हे (केबलने डिस्क जोडायचे) पोर्ट बंद होतील. बोर्डाच्या कडेला असल्याने केबल लावायला सोपे म्हणून त्याच्या दोन्ही डिस्क नेमक्या त्याच पोर्टांवर होत्या. केबल काढून 2 आणि 3 नंबरवर लावल्या, मशीन चालू केलं, आणि सगळं फुटेज जसंच्या तसं समोर. डिस्क ठणठणीत होत्या. त्यांच्या वाट्याची वाट नव्या एसएसडीला दिली गेली होती, एवढंच.

त्या रात्री तो माणूस झोपला नव्हता. म्हणून हा लेख सविस्तर लिहितोय. नवा ड्राइव्ह, ग्राफिक्स कार्ड किंवा नेटवर्क कार्ड घेण्याआधी अर्धा तास काढून आपल्या बोर्डाचा नकाशा कागदावर उतरवला, तर असा प्रसंग येत नाही.

आधी एवढं समजून घ्या

कार्डं जोडायच्या जुन्या पीसीआय बसवर सगळी कार्डं एकाच रस्त्यावर असायची. सेकंदाला 133 मेगाबाइटचा तो रस्ता सगळ्यांत मिळून होता. पीसीआय एक्सप्रेसचं (पीसीआयई) पहिलं स्पेसिफिकेशन 2002-03 च्या सुमारास आलं आणि प्रत्येक उपकरणाला स्वतःच्या वेगळ्या तारा मिळाल्या. या तारांच्या एका संचाला लेन म्हणतात. प्रत्येक लेनमध्ये जायची वाट वेगळी आणि यायची वेगळी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे फार कामाला येते.

एका लेनचा वेग पिढीगणिक साधारण दुप्पट होत गेला. पीसीआयई 2.0 ला एका दिशेने सेकंदाला 500 मेगाबाइट, 3.0 ला जवळपास 985 मेगाबाइट, 4.0 ला जवळपास 2 गिगाबाइट आणि 5.0 ला जवळपास 4 गिगाबाइट. एनव्हीएमई एसएसडीला 4 लेन लागतात, म्हणजे 3.0 वर तिची कमाल साधारण 3.9 गिगाबाइट आणि 4.0 वर 7.9. इथे बिट आणि बाइटची गल्लत करू नका. साटाच्या डब्यावर लिहिलेले 6 हे गिगाबिट असतात. प्रत्यक्षात सेकंदाला साडेपाचशे मेगाबाइटच्या आसपास मिळतात.

आता मुख्य मुद्दा. लेन दोन ठिकाणांहून निघतात. काही थेट प्रोसेसरमधून, बाकीच्या चिपसेटमधून, म्हणजे बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या चिपमधून. आणि चिपसेट स्वतः प्रोसेसरला एकाच लिंकने जोडलेला असतो. चिपसेटवर टांगलेले एम.2 स्लॉट, साटा पोर्ट, बहुतेक यूएसबी, लॅन, छोटे कार्ड स्लॉट हे सगळे त्या एका लिंकमधूनच प्रोसेसरपर्यंत पोहोचतात. कॅनॉलच्या गावचा माणूस हे पटकन ओळखेल. मायनरला, म्हणजे छोट्या कालव्याला, किती पाणी सुटतं त्यावर सगळं अवलंबून, त्यावर चाऱ्या किती खोदल्या याने पाणी वाढत नाही.

वाटणीचे प्रकार मात्र तीन आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो.

पहिला प्रकार वेळेच्या वाटणीचा. चिपसेटवरची सगळी उपकरणं चालू असतात, दिसतात, आणि एकटी असताना पूर्ण वेगाने चालतात. सगळ्यांनी एकदम मागणी केली तरच वेग विभागला जातो. याचा त्रास क्वचित होतो.

दुसरा प्रकार दुभंगाचा. ग्राफिक्स स्लॉटच्या 16 लेन तुटून 8 आणि 8 होतात, कारण शेजारच्या स्लॉटमध्ये किंवा एखाद्या एम.2 मध्ये काहीतरी बसवलं. दोन्ही चालतात, पण पहिल्याचा वाटा कायमचा अर्धा होतो, दुसरं उपकरण नुसतं पडून असलं तरीही.

तिसरा प्रकार 'हे नाहीतर ते'. त्याच लेन बोर्डावर दोन ठिकाणी नेलेल्या असतात आणि एका वेळी एकच ठिकाण जिवंत राहतं. मित्राच्या डिस्क गेल्या त्या यामुळे. हा प्रकार सगळ्यात फसवा, कारण कुठलीही सूचना न येता पोर्ट मुका होतो आणि माणूस डिस्कवर संशय घेतो.

पायरी 1: अचूक मॉडेल आणि मॅन्युअल

कॅबिनेटचं झाकण उघडा आणि बोर्डावर छापलेलं पूर्ण नाव टिपून घ्या. त्याच नावापुढे 'वायफाय', 'व्ही2', 'रिव्हिजन 1.2' असं काही असेल तर तेही. एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांमध्ये वाटणी वेगळी असू शकते. मग कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचं मॅन्युअल घ्या. डब्यात येणारी घडीची पुस्तिका पुरत नाही, पूर्ण पीडीएफ लागते.

मॅन्युअलमध्ये दोन गोष्टी शोधा. एक, ब्लॉक डायग्राम: मधोमध प्रोसेसर, खाली चिपसेट आणि दोघांतून निघणाऱ्या रेघा. काही कंपन्या तो देतात, काही देत नाहीत. दुसरी, स्पेसिफिकेशनच्या पानावरच्या तळटीपा. 'शेअर', 'डिसेबल', 'अनअव्हेलेबल' हे तीन शब्द पीडीएफमध्ये शोधून प्रत्येक जागा वाचा. बोर्ड विकत घ्यायच्या आधीसुद्धा हे करता येतं, आणि तेव्हाच करावं. लॅमिंग्टन रोडवर काउंटरपाशी उभं राहून मोबाइलवर पीडीएफ उघडायला पाच मिनिटं लागतात.

पायरी 2: प्रोसेसरच्या लेन कागदावर मांडा

कागदाच्या वरच्या भागात एक चौकोन काढा आणि त्यात प्रोसेसरचं नाव लिहा. उदाहरण म्हणून एडिटिंगच्या मशिनांत भरपूर दिसणारी जोडी घेऊ: एएमडीचा रायझन 5 5600 प्रोसेसर आणि बी550 चिपसेटचा बोर्ड. या प्रोसेसरमधून पीसीआयई 4.0 च्या 24 लेन निघतात. 16 ग्राफिक्स स्लॉटला, 4 पहिल्या एम.2 ला आणि उरलेल्या 4 चिपसेटकडे.

प्रोसेसर बदलला की हे गणित बदलतं, बोर्ड तोच असला तरी. त्याच बोर्डावर 5600जी बसवला तर प्रोसेसरच्या लेन 3.0 वर येतात, कारण त्या चिपमध्येच 4.0 नाही. एएमडीच्या नव्या एएम5 सॉकेटवर रायझन 5 8500जी घेतला तर ग्राफिक्स स्लॉटला फक्त 4 लेन मिळतात. आज आतल्या ग्राफिक्सवर भागवू आणि उद्या मोठं कार्ड घेऊ, असा विचार करून हा प्रोसेसर घेणाऱ्यांनी ही गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी.

इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंत सर्वसामान्य डेस्कटॉप प्रोसेसरमधून 16 च लेन निघायच्या आणि त्या ग्राफिक्सकडे जायच्या. म्हणजे बोर्डावर तीन एम.2 दिसत असले तरी तिन्ही सहसा चिपसेटवर. बाराव्या पिढीपासून 5.0 च्या 16 आणि 4.0 च्या 4 लेन मिळू लागल्या. पण झेड690, झेड790 या चिपसेटच्या काही बोर्डांवर '5.0 एम.2' म्हणून मिरवणारा स्लॉट असतो. त्या 5.0 लेन येणार कुठून? ग्राफिक्सच्या 16 मधून. तो स्लॉट भरला की ग्राफिक्स कार्ड 8 वर येतं. नव्या एएम5 बोर्डांवर हाच प्रकार यूएसबी4 आणि दुसऱ्या एम.2 मध्ये पुष्कळदा दिसतो.

पायरी 3: चिपसेटची लिंक किती रुंद आहे ते लिहा

पहिल्या चौकोनाखाली चिपसेटचा चौकोन काढा आणि दोघांना जोडणाऱ्या रेघेवर वेग लिहा. सगळ्या नकाशात हा आकडा सर्वांत महत्त्वाचा.

बी550 ची लिंक 3.0 च्या 4 लेनची, म्हणजे एका दिशेने जेमतेम 3.9 गिगाबाइट. प्रोसेसर 4.0 चा असला तरी ही लिंक 3.0 चीच राहते. एक्स570 आणि बी650 ला 4.0 च्या 4 लेन, म्हणजे 7.9. इंटेलमध्ये या लिंकला डीएमआय म्हणतात. बी660 आणि बी760 ला 4.0 च्या 4 लेन, झेड690 आणि झेड790 ला 8, म्हणजे जवळपास 15.8 गिगाबाइट. जुन्या बी450 मध्ये चिपसेटमधून पुढे निघणाऱ्या लेन 2.0 च्याच आहेत. त्यामुळे तिथे चिपसेटवरचा 4 लेनचा स्लॉटसुद्धा 2 गिगाबाइटच्या वर जात नाही. एक्स670 मध्ये चिपसेटचे दोन तुकडे एकापुढे एक जोडलेले असतात. दुसऱ्या तुकड्यावरची उपकरणं पहिल्यामधून जातात, अगदी कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्यासारखी.

पायरी 4: प्रत्येक स्लॉट आणि पोर्ट कुणाच्या बाजूचा ते ठरवा

आता बोर्डावरचा प्रत्येक एम.2, प्रत्येक कार्ड स्लॉट आणि साटा पोर्टांच्या जोड्या कागदावर आपापल्या चौकोनाखाली लिहा. ज्या दोन गोष्टी 'हे नाहीतर ते' आहेत त्यांच्यामध्ये लाल रेघ मारा.

स्लॉटच्या लांबीवर विश्वास ठेवू नका. खालचा लांबलचक स्लॉट 16 लेनचा दिसतो, पण आत 4 लेनचंच वायरिंग असतं. ओळखायची साधी युक्ती आहे. मशीन बंद करा, प्लग काढा, मोबाइलचा टॉर्च स्लॉटवर तिरका धरा आणि आत बघा. सोनेरी पिना एका टोकापासून सुरू होतात आणि 4 लेनच्या स्लॉटमध्ये खाचेच्या थोडं पुढे गेल्यावर संपतात. पुढची सगळी लांबी नुसतं रिकामं प्लॅस्टिक. प्रोसेसरजवळच्या स्लॉटमध्ये त्याच पिना शेवटपर्यंत गेलेल्या दिसतील. एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा कधी फसत नाही.

एम.2 च्या बाबतीत आणखी एक घोळ आहे. एम.2 हे आकाराचं नाव आहे, वेगाचं नाही. काही स्लॉट फक्त एनव्हीएमई घेतात, काही साटा आणि एनव्हीएमई दोन्ही. काही बोर्डांवर एम.2 मध्ये साटा प्रकारची एसएसडी बसवली की एक साटा पोर्ट जातो आणि एनव्हीएमई बसवली तर जात नाही, तर काहींवर याच्या उलट. अंदाज न बांधता तळटीप वाचा.

पायरी 5: कोण कुठे बसणार

ग्राफिक्स कार्ड प्रोसेसरजवळच्या पहिल्या स्लॉटमध्ये, यात वाद नाही. पण कार्डाच्या स्वतःच्या लेन किती तेही बघा. आरटीएक्स 4060 आणि आरएक्स 6600 ही 8 लेनची कार्डं आहेत, त्यामुळे 16 पैकी 8 रिकाम्या राहिल्या तर घाबरू नका. आरएक्स 6500 एक्सटी हे कार्ड मात्र 4 च लेनचं आहे आणि त्याच्या नेहमीच्या आवृत्तीत मेमरी 4 जीबी. 4.0 च्या बोर्डावर ते बरं चालतं. 3.0 च्या जुन्या बोर्डावर तेच कार्ड अर्ध्या वेगाच्या वाटेवर येतं, आणि गेम 4 जीबीच्या बाहेर गेला की अडखळतं. जुन्या बी450 मशीनसाठी स्वस्तातलं कार्ड म्हणून ते घेताना हा हिशेब मांडलाच पाहिजे.

सगळ्यात वेगवान एसएसडी प्रोसेसरच्या एम.2 वर ठेवा. त्यात विंडोज ठेवायचं की चालू प्रोजेक्ट, हा पुढचा प्रश्न. माझं मत विचाराल तर एडिटिंगवाल्याने तिथे चालू प्रोजेक्ट आणि कॅशे ठेवावं. विंडोज चिपसेटवरच्या 3.0 एसएसडीवरून सुरू झालं म्हणून काही बिघडत नाही.

आता ती जायची आणि यायची वाट. चिपसेटवर दोन एनव्हीएमई असतील तर एकीवरून दुसरीवर कॉपी करताना वेग अर्धा होतो, असं बरेच जण सांगतात. तसं होत नाही. वाचलेला डेटा लिंकवरून वर रॅमकडे जातो आणि लिहायचा डेटा वरून खाली येतो. दिशा वेगळ्या, म्हणून वाटाही वेगळ्या. अडचण होते ती दोन्ही एसएसडी एकाच वेळी वाचायला काढल्या तर. म्हणूनच बी550 वर दोन एसएसडी चिपसेटवर टाकून रेड 0 (वेगासाठी दोन ड्राइव्ह एकत्र जोडणं) करण्यात अर्थ नाही. दोघींची बेरीज 3.9 च्या आतच राहते.

शिवाय खरी गरज किती याचाही हिशेब करा. सेकंदाला 400 मेगाबिटचं 4के फुटेज म्हणजे फक्त 50 मेगाबाइट. चार कॅमेरे एकत्र टाइमलाइनवर ठेवले तरी 200. बी550 ची लिंक याच्या वीसपट आहे. इथे अडतं ते साध्या हार्ड डिस्कवर, कारण ती मोठी फाइल सलग वाचतानाही दीडशे-दोनशेच्या आसपास असते आणि चार फाइलींत उड्या मारायला लावली की फार खाली येते. चालू कामाचं फुटेज एसएसडीवर आणा आणि काम झालेलं हार्ड डिस्कवर टाका.

10 गिगाबिटचं नेटवर्क कार्ड घेणार असाल तर त्याला सेकंदाला 1.25 गिगाबाइट लागतात, आणि 3.0 ची एक लेन तेवढं देत नाही. ते 4 लेनच्या खालच्या स्लॉटमध्ये बसवा, पण तो स्लॉट एखाद्या एम.2 शी लाल रेघेने जोडलेला नाही ना, ते आधी कागदावर बघा.

यूएसबीचं थोडक्यात: हबवर लावलेली सगळी उपकरणं हबच्या एका पोर्टाचा वेग वाटून घेतात. बाहेरची एसएसडी आणि कार्ड रीडर बोर्डाच्या मागच्या वेगवेगळ्या पोर्टांवर लावा.

रॅमचीही वाटणी आहे. डीडीआर4-3200 ची एक पट्टी सेकंदाला 25.6 गिगाबाइट देते, दोन चॅनेलवर दोन पट्ट्या 51.2. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा, बहुतेक मॅन्युअल हेच सांगतात. आतल्या ग्राफिक्सवर चालणाऱ्या मशीनला याचा फरक लगेच जाणवतो.

पायरी 6: बायोसमध्ये तीन जागा

बसवून झाल्यावर बायोसमध्ये जा. साटाच्या पानावर सगळ्या डिस्क आणि एनव्हीएमईच्या पानावर सगळ्या एसएसडी दिसतात का बघा. इथे नसलेली डिस्क विंडोजमध्ये येणार नाही, त्यामुळे तिथे शोधण्यात वेळ घालवू नका.

ग्राफिक्स स्लॉटमध्ये चार एम.2 चं अडॅप्टर कार्ड लावलं असेल तर बायफर्केशनचं (स्लॉटच्या लेनचे तुकडे करण्याचं) सेटिंग 4-4-4-4 करावं लागतं, नाहीतर पहिलीच एसएसडी दिसते. सगळे प्रोसेसर आणि बोर्ड चार तुकडे करू देत नाहीत, म्हणून अडॅप्टर घेण्याआधी हेही तपासा.

तिसरी जागा स्लॉटच्या पिढीची. उभं कार्ड लावण्यासाठी रायझर केबल वापरली असेल आणि ती 3.0 ची असेल, तर 4.0 चं कार्ड कधी काळा स्क्रीन देतं, कधी अधूनमधून बंद पडतं. अशा वेळी 'ऑटो' काढून 'जेन 3' करा. बऱ्याचदा कार्डाची तक्रार म्हणून आलेलं दुखणं तिथेच थांबतं.

पायरी 7: मिळालं का ते तपासा

ग्राफिक्ससाठी जीपीयू-झेड उघडा आणि 'बस इंटरफेस' ही चौकट बघा. तिथे कार्डाची क्षमता आधी आणि चालू स्थिती नंतर लिहिलेली असते. मशीन रिकामं असताना चालू स्थिती 1.1 दिसेल. वीज वाचवण्यासाठी लिंक स्वतःहून खाली येते, त्यात बिघाड नाही. चौकटीशेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालू करा, मग खरा आकडा येतो. लेनची संख्या मात्र रिकाम्या मशीनवरही बहुधा पूर्णच दिसते. 16 च्या कार्डाला टेस्ट चालू असतानाही 8 दिसत असतील तर नकाशा पुन्हा बघा. नकाशा बरोबर असेल तर कार्ड काढून, कनेक्टर पुसून, नीट दाबून परत बसवा.

एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये 'ट्रान्सफर मोड' बघा. उभ्या रेघेच्या डावीकडे सध्याचा वेग, उजवीकडे ड्राइव्हची क्षमता. लिनक्सवर एलएसपीसीआय कमांड रूट म्हणून दोन व्ही लावून चालवा आणि 'लिंक-कॅप' व 'लिंक-स्टा' या दोन ओळींची तुलना करा. जिथे 'डाउनग्रेडेड' असेल तिथे थांबा आणि कारण शोधा.

वाटणी डोळ्यांनी बघायची असेल तर क्रिस्टलडिस्कमार्कच्या दोन खिडक्या उघडा, चिपसेटवरच्या दोन एसएसडी एकेकट्या मोजा, मग दोन्हींची वाचण्याची टेस्ट एकदम सुरू करा. एकेकटीला साडेतीन गिगाबाइट आणि दोघींना मिळूनही तेवढेच आले, तर ती लिंकची मर्यादा. लिहिताना वेग पडला तर मात्र लगेच लेनला दोष देऊ नका. स्वस्त एसएसडी सुरुवातीचे काही गिगाबाइट जोरात घेते आणि कॅशे भरली की एकदम खाली येते. ते तिचं स्वतःचं आहे, स्लॉट बदलून सुधारत नाही.

पायरी 8: नकाशा मशीनमध्येच ठेवा

कागदावर तारीख घाला. कोणत्या एम.2 मध्ये कोणती एसएसडी, कोणत्या साटावर कोणती डिस्क, आणि डिस्कच्या स्टिकरवरच्या सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे लिहा. तो कागद झाकणाच्या आतल्या बाजूला, पंख्यापासून लांब, चारही कडांनी टेप लावून चिकटवा. मित्राच्या मशीनमध्ये तसा कागद आता आहे. त्यावर दुसरा एम.2 आणि साटा 5-6 यांच्यामध्ये लाल रेघ आहे, आणि रेघेखाली त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: 'इथे काही लावायचं नाही'.